नसलेल्या सीनचा रिव्ह्यू

मला या गूढ अनुभवांच्या धाग्यावर बघून निम्म्या लोकांना हसू येईल. ते आधी हसून घ्या. मालिकांच्या धाग्यावर रोज भाग संपल्या संपल्या रिव्ह्यू टाकणारी, जिला तुम्ही सगळे 'चुकावाली' म्हणता, ती मीच. इथे आपले अनुभव लिहिणाऱ्या किती जणांना मी "झोप पुरी करा" असा सल्ला दिलाय, तो अजून वर कुठेतरी दिसेल. त्या सगळ्यांची माफी मागते आणि सुरू करते. घडलंय तसं लिहिते. मीठमसाला लावायची अक्कल मला नाही, आणि ताकदही उरलेली नाही.

मी राहते लोणावळ्यात. नोकरी तळेगावच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. गाड्यांचे छोटे पार्ट पट्ट्यावरून समोर येतात, त्यातले खराब मी बाजूला काढते. सोळा वर्षं हेच काम. ही खोड घरीही जात नाही. मनोज, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की तू नुसती बघितलंस तरी मला रिजेक्टच्या ट्रेमध्ये पडल्यासारखं वाटतं. मालिकेचे रिव्ह्यू हा त्याच खोडीचा पसारा. मांडीवर वही, हातात पेन... वेळ लिहायची, पुढे चूक लिहायची.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं आत्याने, वडिवळ्याला. कामशेतच्या आत, धरणाच्या बाजूला गाव आहे आमचं. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. वडील गेल्यावर त्या घरात ती एकटीच. आत्या डावरी आहे. लहानपणी मार खाऊनसुद्धा तिचा डावा हात सुटला नाही. भाकरी डाव्या हाताने, विळा डाव्या हाताने. पेंढ्याची दोरी वळायची तीही डाव्या हाताने, त्यामुळे पीळ उलटा बसायचा. सगळ्या आळीत ती दोरी ओळखू यायची.

चार वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या आमच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. आत्या सकाळपासून राबत होती. दुपारी प्रसाद वाटायला लागली आणि सवयीने डाव्या हाताने माझ्या सासूच्या हातावर शिरा ठेवला. सासूबाईंनी नणंदेकडे बघितलं. आणि मी... सगळ्यांसमोर म्हणाले, "आत्या, उजव्या हाताने दे ना. लोक बघतायत." तिने पातेलं खाली ठेवलं, हात धुतला आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. चिडली नाही, रडली नाही. परत आली मात्र नाही. मीही गेले नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग इतके दिवस गेले नाही याची लाज वाटली म्हणून. कंपनीची बस रोज दोनदा कामशेत फाट्यावरून जाते. रोज.

आता त्या भागाबद्दल. मालिकेचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात नको. कोकणातला बंगला, नवी सून, अडगळीची खोली... ओळखलं असेलच. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते, मंगळवार होता. साडेसातचा भाग. मनोज शेजारी बसून शेंगा सोलत होता. भाग नेहमीसारखाच भंगार. सून मोबाईलचा टॉर्च लावून विहिरीपाशी जाते (घरात लाईट आहेत, पण ते लावायचे नाहीत), विहिरीतून एक हात वर येतो आणि त्या शंभर वर्षं जुन्या हाताला ताजी नेलपॉलिश! एवढा एकच मुद्दा घेऊन मी अर्धं पान लिहिलं. मग एक सीन आला. त्यावर वहीत जे लिहिलं ते जसंच्या तसं देते. वही समोरच आहे.

"७.४९. मध्येच कोण ही म्हातारी? ओळख नाही, पाळख नाही. पेंढ्यात बसलीय आणि अंगावर लग्नाला जायची साडी. चूक. पेंढ्याची दोरी वळतेय, पीळ उलटा. शेतकऱ्याच्या घरात असं कुणी वळत नाही. चूक. तुळशीवृंदावन घराच्या मागच्या अंगाला. चूक. मागे घरघर आवाज, भुताच्या सीनला पिठाची गिरणी? चूक. म्हातारी थेट कॅमेऱ्यात बघून बोलते, 'जरा हात लाव की गं.' शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा असं करत नाहीत. पुढे काहीच होत नाही. सीन कशासाठी होता?"

उजेड म्हातारीच्या पाठीमागून होता, पदर पुढे ओढलेला, चेहरा काळा दिसत होता. मला विचाराल तर मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी चुका बघत होते.

आठ वाजता रिव्ह्यू टाकला. नेलपॉलिशवर लोक भरपूर हसले. मग एकीने लिहिलं, "ताई, पेंढ्यातली म्हातारी कुठे होती?" दुसरीने लिहिलं, "असा सीनच नव्हता." तिसऱ्याने तर मलाच झोप पुरी करायचा सल्ला दिला. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, तुम्ही पोळ्या लाटत मालिका बघता, मी वही घेऊन बघते. तासभर भांडले. मनोजला विचारलं तर म्हणाला, "मला नाही बाबा आठवत. पण तू मान खाली घालून लिहीत होतीस, एवढं आठवतंय."

सकाळी बसमध्ये मोबाईलवर तो भाग पुन्हा लावला. विहीर, हात, नेलपॉलिश, आणि तिथून थेट सासूची खोली. मध्ये काही नाही. जेवणाच्या सुट्टीत परत बघितला. पुढे-मागे करून, एकेक सेकंद. नाही. सोळा वर्षांत माझ्या हातून खराब पार्ट पुढे गेला असेल एखाद-दुसरा, पण जो पार्ट पट्ट्यावर आलाच नाही तो मी रिजेक्ट केला, असं कधी झालं नव्हतं. दिवसभर जिवाला चैन नाही. दोन वेळा सुपरवायझर ओरडला. आणि या सगळ्यात मी काय करत होते? मधल्या मधल्या वेळात धाग्यावर जाऊन उत्तरं देत होते. माझंच कसं बरोबर आहे, ते सिद्ध करत होते. परतीच्या बसमध्येही तेच. कामशेत कधी गेलं कळलंही नाही.

साडेपाचला घरी पोहोचले. मनोज चहा टाकत होता. मी त्याला वही मोठ्याने वाचून दाखवायला लागले, की बघ, एवढं बारीक कुणी स्वप्नात बघतं का? दोरीपर्यंत आले आणि तो गाळणं हातात धरून तसाच थांबला.

"पीळ उलटा म्हणजे?" तो म्हणाला. "तुझी आत्या डावरी ना गं?"

चहा तिथेच राहिला. मी आत्याचा नंबर लावला. चार वर्षांनी लावत होते, पण बोटांना पाठ होता. फोन बंद. मग शेजारच्या शेवंता मावशींना लावला. पलीकडून एवढा आवाज येत होता की त्यांचं बोलणं नीट ऐकू येईना.

"कोन? सुनी? अगं बाई! थांब, मशीन चालू हाय. कालपास्नं खळ्यावर मळणी चाललीया आमची... हां, बोल."

"मावशी, आत्या कुठे आहे?"

"ती व्हय? ती न्हाई हितं. भावकीतल्या पोरीची सुपारी हाय ना तिकोना पेठंला, तिकडं गेलीया काल सांजच्या जीपनं. चांगली नवी साडी नेसून दाराला कुलूप लावत हुती, म्याच बघितलं की."

कुणीतरी सांगितलं की माणूस सुखरूप आहे, तर हायसं वाटायला हवं. मी फोन कानाशी आणखी दाबला. ती घरघर मला फोनमधून ऐकू येत होती. तीच होती.

"मावशी, आपली तुळस कुठे आहे? पुढच्या अंगणात ना?"

"तुळशीचं काय काडलंस मधीच? मागं न्हेली की ती. गेल्या साली रस्ता सिमिटचा झाला तवा."

"मावशी, मागे जा. आत्ता जा. पेंढ्यापाशी बघा."

"अगं पन ती गेलीया..."

"मावशी, पाया पडते, जा!"

त्या चालत असतानाचा आवाज येत होता. चप्पल, कोंबड्या, मशीन मागे मागे पडत गेलेलं. मग त्यांनी "चांगुणाऽ" अशी आत्याच्या नावाने हाक मारली, आणि मग फोन खाली पडल्याचा आवाज.

झालं होतं असं. मंगळवारी आत्या कुलूप लावून निघाली, आणि मागे लुगडं वाळत घातलंय हे तिला आठवलं. ते काढायला गेली. पेंढा लाकडी माचावर रचलेला असतो. माचाचं एक लाकूड कुजलेलं होतं, ते निसटलं आणि सगळा डोलारा खाली आला. वासा तिच्या मांडीवर, फोन त्याखाली फुटलेला. ओरडली, पण मशीनपुढे कोण ऐकणार? रात्री मशीन बंद झालं तोवर घसा बसला होता. तिकोना पेठेच्या लोकांना वाटलं जीप चुकली असेल, गावाला वाटलं तिकोना पेठेला पोहोचली. पाठीमागे सगळी भाताची शेतं, कापून झालेली. तिकडे कुणी फिरकत नाही. जवळजवळ चोवीस तास आत्या तिथे पडून होती, नोव्हेंबरच्या थंडीत.

मी आणि मनोज मोटरसायकलवर निघालो. वाटेत मला सारखं वाटत होतं की गाडी चालतच नाहीये. कामशेतला दवाखान्याच्या दारात वडिवळ्याची जीप उभी होती, मागच्या सीटवर आत्याला आडवं घातलेलं. अंगावर चार गोधड्या. ओठ फुटलेले. नवी जांभळी साडी आणि तिच्यात सगळीकडे पेंढा. डाव्या मुठीत दोरी होती, हातभर लांब, कुणाला काढू देत नव्हती. पेंढ्याची दोरी वळून वाशाला अडकवायची आणि तुळशीच्या कट्ट्याला धरून ओढायचं, असा तिचा विचार होता. पीळ उलटा.

मी तिचा हात धरला. रडूच कोसळलं. म्हणाले, "आत्या, मी आले गं."

तिने डोळे उघडले. मला ओळखायला तिला अजिबात वेळ लागला नाही. हळू आवाजात म्हणाली, "परत आलीस व्हय?"

मला वाटलं, चार वर्षांबद्दल म्हणतेय.

"काल सांजच्याला आलीवतीस ना," ती म्हणाली. "मागल्या दारात बसलीवतीस. मांडीव वही. म्या म्हनलं, सुनी, जरा हात लाव की गं. तू वर बघितलंस... आन परत लिवाय लागलीस."

जीपमधून सोबत आलेल्या शेवंता मावशी म्हणाल्या, तापात बरळतीया. आत्याला ताप नव्हता, मी कपाळाला हात लावून बघितला होता.

"मला वाटलं, आजून राग हाय तुला माजा," आत्या म्हणाली.

मला तिचा राग म्हणे! असायला हवा होता तो तिला, माझा.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. ऑपरेशन झालं, आता ती लोणावळ्याला आमच्याकडे आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर सांगता येत नव्हतं. आदल्या दिवशी आठ वाजता फोन केला असता तर काय झालं असतं, ते मी त्यांना विचारलं नाही. ते मला कळतं.

मनोजने त्याच्या परीने उत्तर काढलंय. तू दमली होतीस, क्षणभर डोळा लागला, मनात आत्या होतीच. बरं, मनात होती. पण मग तुळस? ती हलवली तेव्हा मी गावात पाय ठेवून तीन वर्षं झाली होती. साडी? मळणीचं मशीन? आणि समजा ते सगळं माझ्या डोक्यात कुठूनतरी आलं, तर मी तिच्या डोळ्यांना दिसले कशी? त्या वेळी मी लोणावळ्यात सोफ्यावर बसले होते, शेजारी नवरा शेंगा सोलत होता. वहीतलं अक्षर माझंच आहे. कित्येकदा पडताळून बघितलंय. दोरीचा तुकडा कपाटात ठेवलाय. तो कधी कधी बाहेर काढते, पीळ बघते आणि परत ठेवते. उत्तर नाही. इथे कुणाकडे असेल तर ऐकायला तयार आहे, या वेळी सल्ला देणार नाही.

रिव्ह्यू लिहिणं बंद केलंय. मालिका मात्र आत्याला आवडते, म्हणून साडेसातला लावतो. ती पाय उशीवर ठेवून बघते, हडळ आली की खुशाल हसते. शेजारणींना अजून अभिमानाने सांगते की माझी भाची त्या दिवशी आधी येऊन बघून गेली, म्हणून मी वाचले. मी तिला खरं सांगितलेलं नाही. त्या वहीत तिच्यापुढे मी काय काय लिहिलंय, ते सांगायला माझी जीभ रेटत नाही.

परवा जाहिराती लागल्या होत्या. तिने डाव्या हाताने माझ्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुनी, त्या दिशी एवडं काय लिवत हुतीस गं?"

मी म्हणाले, "कामाचं होतं, आत्या."

"तेच म्हनलं म्या," ती म्हणाली. "लय कामाचं आसंल. न्हाईतर तू उटली आसतीस."