अंगणातली रिले

शाळेच्या मैदानावर फक्की मारत होते, त्या चुन्याच्या वासानं लेकीची रिले आठवली. मागच्या पोरीकडून दांडी घेताना लेक वळून बघायची अन् दांडी पाडायची. सर म्हणाले, "उद्या पाडली तर संघातून काढतो." मी बायकोला हळूच म्हणालो, "बरं होईल, ऊसतोडीला संगं येईल." ती म्हणाली, "तोंड सांभाळा," अन् उसाचं कांडं माझ्या हातात दिलं. "पळा तिच्या मागं." धोतर खोचून अंगणात पळालो. लेक वळली की बायको ओरडायची, "मागं कावून बघती गं? तुझा बाप माझ्या डोक्यावर मोळी ठेवतो, तवा मी बघते का? हात मागं धर अन् पळ." मला लई धाप लागली, पर तिनं थांबू दिलं न्हाई. दुसऱ्या दिवशी बीडला लेकीनं न बघता दांडी घेतली अन् संघात राहिली. त्या साली तोडीला आमी दोघंच गेलो. पळण्याच्या जोरावर लेक आता पोलिसात हाय. सगळ्यांना सांगती, "आबांनी मला पळायला शिकवलं." बायको चार महिन्यांखाली वारली. मी काय बोललो होतो, ते तिनं मरेपर्यंत लेकीला कळू दिलं न्हाई, अन् आता मलाबी सांगवंना.