इंग्रिडला 'येते' म्हणाले आणि…

परवा मंगळवारी श्रूजबरीत इंग्रिडच्या गॅरेजमध्ये चष्मा विसरले. म्हटलं तर एवढंच झालं… पण त्यापायी मी पाच महिने घातलेला घोळ उघडकीला आला.

मी अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेय. अमेय आणि केतकी ऑफिसात, नात इरा शाळेत आणि मग तिचे क्लासेस. दिवसभर घरात मी आणि डिशवॉशर… दोघांत तोच जास्त बोलतो.

आल्या आल्या एकदा वॉकला निघाले होते. दोन घरं सोडून एका अंगणात, गवतात, दगडाचं भलंमोठं पाऊल दिसलं. नुसतं घोट्यापर्यंतचं. आता दगडी पाऊल दिसल्यावर आपला हात थांबतोय थोडाच! वाकले, स्पर्श केला, हात कपाळाला लावला. वर बघते तर दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे टक लावून बघतेय. म्हटलं, आता ही पोलिसांना बोलावणार… पण तिने आत बोलावून कॉफी दिली.

तीच ही इंग्रिड. वय चौऱ्याऐंशी, मूळची स्वीडनची, शिल्पकार. तीस वर्षं मी नाशिकला भूगोल शिकवला. स्वीडन म्हणजे लोहखनिज आणि सूचिपर्णी अरण्यं, पाच मार्कांचा प्रश्न. त्या पाच मार्कांत ही बाई कुठेच नव्हती.

समुद्राकाठच्या गावात ग्रॅनाइटची खाण, वडील तिथे पाथरवट. मुलीने छिन्नीला हात लावायचा नाही, असं तिथेही होतंच. हिने चोरून लावला, मग स्टॉकहोमला जाऊन रीतसर शिकली. तिथे भेटलेल्या एका अमेरिकन माणसाशी लग्न करून इकडे आली… एका वर्षासाठी. ते वर्ष अजून संपलेलं नाही.

इथल्या एका लायब्ररीबाहेर तिची पुस्तक वाचणारी मुलगी आहे, एका हॉस्पिटलच्या बागेत दोन बगळे. सगळ्यात मोठं काम एका ऑफिसच्या चौकात होतं, बारा फुटी दगडी बाई. पुढे ती बिल्डिंग पाडली आणि बाईही फोडली. इंग्रिडला कुणी कळवलंसुद्धा नाही. तिला समजलं तेव्हा ढिगाऱ्यातून एक पाऊल तेवढं मिळालं. मी नमस्कार केला ते हेच. साठ वर्षांत माझ्या कामाला कुणी असं काही केलं नव्हतं, असं ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

नवरा गेला, मग बोटं आखडली, दगड सुटला. आता फक्त माती. माझा चेहरा करते म्हणाली… माझा! मंगळवारी आणि शुक्रवारी मी तासभर तिच्या गॅरेजमध्ये, तोच तिचा स्टुडिओ, स्टुलावर पुतळ्यासारखी बसायचे. तास झाला की ती मातीवर ओला फडका टाकायची, वरून प्लास्टिक. काम चालू आहे तोवर माती सुकू द्यायची नसते.

आणि निघताना मी दारातून म्हणायचे, "आय विल कम, हं." जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं… लहानपणी आईचे धपाटे खाऊन अंगात मुरलेली सवय. तिचंच भाषांतर करायचे बापडी.

तर परवा घरी पोचल्यावर चष्मा आठवला. चांगल्या पाऊण तासाने परत गेले. दार उघडंच. टेबलावर दोन स्वच्छ कप, ताजी कॉफी, दालचिनीचे बन गरम केलेले. मी विचारलं, पाहुणे यायचेत का? ती म्हणाली, "यू ऑल्वेज से यू विल कम. टुडे यू केम!"

पाच महिने, दर मंगळवारी, दर शुक्रवारी… ही बाई दुसरा कप मांडून बसत होती. कंटाळली की धुतलेला कप परत कपाटात ठेवत होती. विचारलं नाही कधी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सगळं समजावून सांगितलं. आमच्यात जाते म्हणत नाहीत, अशुभ असतं, येते म्हणजे निरोप. आणि सांगता सांगता मलाच आठवलं. सात वर्षांपूर्वी ह्यांना तपासणीसाठी आत नेलं, तेव्हा स्ट्रेचरवरून हात हलवून म्हणाले होते, "आलोच." बाहेरच्या बाकावर मी त्यांचा चष्मा धरून बसले होते… खरं सांगायचं तर अजून बसलेय. आणि मीच हिला असं बसवलं!

घरी येऊन इराला विचारलं, 'येते'ला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? "आजी, यू जस्ट से बाय." पण बाय म्हणजे जातेच झालं की गं…

रविवारी माझी फ्लाइट आहे. आज शेवटचं बसायला गेले. चेहरा झालाय, डावा कान तेवढा राहिलाय. आज पुरा कर म्हटलं तर ऐकेना. फडका भिजवला, पिळला, माझ्या डोक्यावर… म्हणजे मातीच्या, नीट पांघरला. रोज ओला करीन म्हणाली.

निघायला दारात आले. ती चौऱ्याऐंशीची, मी एकाहत्तरची, मध्ये अर्धी पृथ्वी. काय म्हणणार? तेव्हा तीच म्हणाली, परवा मी शिकवलेला शब्द, जड उच्चारात, प्रश्न विचारल्यासारखा… "येते?"

"येते," म्हटलं. जन्मात पहिल्यांदा हा शब्द विचार करून उच्चारला. आता यायलाच हवं… इथे कुणीतरी माझ्यासाठी रोज फडका ओला करणार आहे.