शेवटच्या कडव्यातलं नाव

लिंबाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी देवगाव फाट्यावर चहा पीत उभा होतो. खिशातला फोन वाजला आणि लिंबाजीच गायला लागला. माझ्या फोनची रिंग म्हणजे त्याच्याच एका गाण्याचं धृपद. ओळ पुरी ऐकायची म्हणून मी फोन नेहमीच जरा उशिरा उचलतो, तेव्हाही तसंच केलं. पलीकडून त्याची लेक म्हणाली, "काका, बाबा गेले. जेवून पडले ते उठलेच न्हाईत." मला खरं वाटेना. आत्ताच तर गात होता...

जयंतीच्या मंडपांत तो गायचा आणि मी पेटी वाजवायचो. आवाज काही फार गोड नव्हता, जरा खरखरीतच होता. पण ऐकताना माणसं हातातलं काम विसरायची. उतारवयात त्यानं आपल्या गाण्यांचा अल्बम काढायचं मनावर घेतलं. परभणीच्या स्टुडिओत त्याचा जीव घुसमटला, म्हणून पिंगळीच्या घरातल्या मधल्या खोलीत भिंतींना वाकळा टांगल्या आणि लेकीनं फोनवरच गाणी भरली. तरी एका गाण्यात स्टेशनात शिरणारी गाडी आलीच. "ऱ्हाऊ दे," लिंबाजी म्हणाला, "ती बी आपल्याच गावची हाय." काही गाणी घरची होती, आईच्या चुलीची, लेकीच्या पहिल्या दप्तराची. काही गावाची, वेगळ्या पाणवठ्याची, ऊसतोडीपायी शाळा सुटलेल्या पोरींची. घर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं, ते ऐकताना कळायचं नाही.

एक गाणं मात्र त्याचं नव्हतं. ते त्याच्या थोरल्या बहिणीचं, गयाआक्काचं. नवरा गेल्यावर आक्का माहेरी आली आणि जन्मभर लोकांच्या रानात खुरपायला गेली. खुरपता खुरपताच तिनं ते जुळवलं होतं.

'सरीमागं सरी गेली, सावली काय येईना,
दुसऱ्याच्या रानात बाई, माझं नाव कुणी घेईना...'

शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची आमच्याकडं रीत. बाकी सगळीकडं 'लिंबाजी म्हणे' आलं. इथं तो गायला, 'गया म्हणे, चला बायांनो, दिस आला माथ्यावरी.' दारात उभी असलेली आक्का भडकली.

"माझं नाव काढ, लिंबा. तुझं घाल. बाईचं नाव असं गावभर वाजवत्यात व्हय?"

"गाणं तुझं हाय, आक्का."

"मग मी मेल्यावर घाल."

लिंबाजीनं नाव काढलं नाही. हट्टी तर दोघंही सारखीच. गाणं ऑटोत वाजलं, लग्नात वाजलं, पानटपरीवर वाजलं. आक्का मात्र ते सुरू झालं की उठून शेळ्यांकडं निघून जायची. पोखर्णीच्या कार्यक्रमाहून परतताना तो मला म्हणाला, "समदे ऐकायलेत, आक्काच न्हाई. तिनं एकदा ऐकलं की माझं झालं." तीच आमची शेवटची भेट. तिनं न ऐकताच तो गेला, याचं मला फार वाईट वाटत राहिलं.

परवा दुपारी पिंगळीला गेलो. मधल्या खोलीत वाकळा अजून तशाच टांगलेल्या आहेत. त्या खोलीत आवाज घुमत नाही, बोललेलं मऊ होऊन तिथंच राहतं. आक्का खाली बसून तूर निवडत होती. मला पाहून म्हणाली, "ऐकलं बरं का मी. लय चांगलं गायलाय." मग सूप बाजूला सारून म्हणाली, "भाऊ, पेटी घ्या."

ती गायला लागली. तीच खरखर. मला क्षणभर वाटलं, वाकळांच्या मागून तोच गातोय. बाहेर गाडी आली, गेली. शेवटच्या कडव्यापाशी आक्का थांबली. आता ती आपलं नाव गाळणार, असं मी धरून चाललो होतो.

'लिंबाजीची बहीण गया म्हणे, चला बायांनो...'

ओळ लांबली, चालीत मावेना. मी भाता हलवत सूर धरून ठेवला, तिची ओळ पुरी होईपर्यंत.