धाकट्या पातीत मी पाहुणा

देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, कचेऱ्या दोन, पोलीसही दोन, आणि मधून एक रस्ता. मी थोरल्या पातीचा नवा शिपाई. पलीकडे कुणाला धरायचं तर आधी आपल्या कचेरीची 'याद', म्हणजे रीतसर पत्र, तिकडे जायला हवं, हे मला भरतीच्या दिवशीच शिकवलं होतं. लक्षात राहिलं नाही, तो भाग वेगळा.

धारहून कळवलं होतं की कुक्षीकडचा एक घोडेचोर देवासात आलाय, नजर ठेवा. फक्त नजर. तीन दिवस मी त्याच्या मागं असा काही लपतछपत फिरलो की चौथ्या दिवशी त्यानंच मला रामराम घातला. माझं डोकं फिरलं. तो रस्ता ओलांडून न्हाव्याच्या ओट्यावर बसला, आणि मी पागोटं, पट्टा अशा थाटात जाऊन त्याचं मनगट धरलं.

"सोड त्याला," मागून धाकट्या पातीचे जमादार म्हणाले. "भिया, अर्धी सडक तुमची. हा ओटा पूरा आमचा. याद आणलीस?"

चोर अर्ध्या दाढीला साबण लावलेला, हसत होता.

चोरावर आपला शिपाई पहाऱ्याला बसवून जमादारांनी मला चौकीत नेलं. परराज्याचा पोलीस हद्दीत शिरला, असं त्यांच्या रोजनाम्यात चढलं असतं तर दोन दरबार भांडले असते आणि माझी नोकरी गेली असती. घरी आई आणि दोन बहिणी तिच्यावरच जेवत होत्या. मी रडायचाच बाकी होतो.

"पट्टा काढ. पागोटं असू दे, शोभतं." आणि त्यांनी लिहिलं, थोरल्या पातीचे एक गृहस्थ आमची भाची पाहण्यास आले.

"पण भाची..."

"आहे. दप्तरात खोटं लिहीत नसतो मी. चल."

घरी पोहे झाले. भाचीनं मला एकदा नीट पाहिलं आणि मामांना म्हणाली, "यांना रस्ता कळत नाही, संसार काय कळणार?" साफ नकार.

दुसऱ्या दिवशी आमची याद पोचली आणि चोर आमच्या हवाली झाला, दाढी पूर्ण होऊन. आमच्या फौजदारांनी मला बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "नापसंत केलं म्हणे तुला?"

जमादार होते तोवर मी एकही दसरा चुकवला नाही, सोनं द्यायला त्यांच्याकडे जायचोच. भाची उज्जैनला दिलेली. मामाकडे आलेली असली की आतूनच विचारायची, "आज कुणाला धरायला आलात?"