पाव्हण्याची मासळी

चिंचणीच्या मंदाच्या हाताला उसंत नसे आणि तोंडाला तर मुळीच नसे. बोईसरजवळच्या एका प्रयोगशाळेत ती काचसामान धुवायला होती. अणुवीज केंद्राच्या आसपासचं पाणी, माती, मासळी तिथं किरणोत्सर्गासाठी तपासत, आणि परदेशातली मुलंही ते शिकायला येत.

चौऱ्याऐंशी साली टांझानियाचा जुमा आला. त्याच्या देशात किनाऱ्यावर अशीच प्रयोगशाळा निघणार होती. पण एक तपासणी त्यानं इथं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं केली, तरच ती प्रयोगशाळा त्याच्या हाती येणार. परत जायला राहिला होता जेमतेम महिना.

आषाढात, पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्याला ओढायच्या आदल्या दिवशी मंदाचा भाऊ दामू जुमासाठी बोय मासळीची टोपली ठेवून गेला. मंदानं ती पाहिली मात्र, तिचा जीव वरखाली झाला. पाव्हण्याची मासळी, आणि खवल्यांसकट? चिंचणीत असं कुणी दिलं तर वर्षभर आळीत नावं ठेवतात. तिनं खवले काढले, पोटं साफ केली, तीन पाण्यांनी धुतली आणि वर सढळ हातानं मीठ चोळलं.

जुमा आला, टोपली पाहिली आणि मटकन स्टुलावर बसला.

"मंदाबाई, ही मोजायची होती हो," शिकवणारे कमलाकांत सर कसेबसे म्हणाले. मिठानं वजन बिघडलं होतं, आणि धुण्यात काय वाहून गेलं ते कळायला मार्ग नव्हता. होड्या आता नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. मंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचाऱ्याचं आपण वाटोळं केलं.

मग तिनं पदर खोचला.

"समुद्र बंद हाय, खाडी नाय. चल जुमाभाऊ."

ओहोटीला दोघं खाडीच्या चिखलात उतरली, बिळांत राहणारी निवट्या मासळी धरायला. हा आता गुडघाभर रुतून रडणार, असं मंदाला वाटलं होतं. जुमानं विजार गुंडाळली, बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि वळवळती निवटी बाहेर काढली.

"माझी आई असेच खेकडे काढते," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "ती विचारते, हे खायला चांगलं आहे ना? तेच शिकायला आलो, मंदाताई."

मंदाचे डोळे भरले. तिनं नाक पुसलं तर चिखल गालभर झाला, आणि जुमा पोट धरून हसला.

त्यानं निवट्या वाळवल्या, राख केली, यंत्राशी दिवसचे दिवस बसून ती मोजली. मासळी खायला चांगली निघाली आणि सरांनी त्याच्या कामावर सही केली.

निघायच्या दिवशी मंदानं त्याला जेवायला बोलावलं. टोपलीत ताज्या निवट्या होत्या, पण विळीला हात लावण्याआधी तिनं विचारलं, "यांचं काय मोजायचं नाय ना?"

"नाही, ताई."

"मग घरी गेल्यावर आईला काय सांगशील?"

"सांगेन, आधी मला मोजू दे. मग मीठ लाव."