आठ महिने पुढची मालिका

कोणती मालिका बघावी आणि कोणती सोडावी, हे आमच्या नात्यागोत्यात मला विचारतात. मी कर्नाटकाच्या सीमेत असलेल्या औरादच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळतो, म्हणून मला गोष्टीतलं कळतं असा सगळ्यांचा समज आहे. तो बहुधा मीच पसरवलेला असावा. उदगीरहून बहीण फोन करते, भालकीहून साडू करतो, आणि चिंताकीचा आतेभाऊ तर "कसा हायस" म्हणायच्या आधीच विचारतो, "आता काय बघू सांग." माझा नियम सोपा आहे. तीन भाग बघायचे. तेवढ्यात कोणी जिन्यावरून पडलं, कुणाची स्मृती गेली किंवा एका वाक्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले, की बंद. या चाळणीतून वर्षाला दोन-तीन मालिका खाली उतरतात. बाकीच्यांना मी दोन शब्दांत निकालात काढतो, आणि खरं सांगायचं तर मला तेच काम जास्त आवडतं.

माझ्याच घरात मात्र माझं कोणी ऐकत नव्हतं. आई रोज सहाला एक मराठी मालिका बघायची आणि साडेसहाला तीच मालिका पुन्हा कन्नडमध्ये. मराठीवरून कन्नडवाल्यांनी उचललेली. नट वेगळे, साड्या वेगळ्या, देवघरातले देव वेगळे, रडणं तेच. कन्नड मालिका उशिरा सुरू झालेली, त्यामुळे ती आठ महिने मागून चालायची. आज मराठीत जे झालं ते कन्नडात आठ महिन्यांनी होणार. सहाला आई एकटीच असायची. साडेसहाला शेजारची अक्का यायची.

अक्काचं घर कन्नड, आमचं मराठी, मध्ये एक भिंत. आई तिच्याशी मोडक्या कन्नडात बोलायची आणि ती आईशी मोडक्या मराठीत. चाळीस वर्षं दोघींनी असंच चालवलं. कोणीतरी एकीनं दुसरीची भाषा नीट शिकून घ्यावी असं दोघींनाही कधी वाटलं नाही. अक्काला मराठी मालिका चालायची नाही. ती म्हणायची, "तुमच्या मराठीत सासू सासू वाटत न्हाई बगा, शाळेतली बाई वाटती." पण पुढचं तर तिला हवं असायचं. भाग संपला की ती पदरानं चष्मा पुसत विचारायची, "पुढं काय हुतंय?" मग आई तिला थोडंसं सांगायची. सगळं एकदम नाही. भाजीत मीठ घालावं तसं, अंदाजानं. गल्लीतल्या आणखी दोघी-तिघीही आईला पुढचं विचारायला यायच्या, आणि आईचा त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा असायचा. जन्मात कोणी तिला कशाचं पुढचं विचारलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. एका घरातली मुलगी मनाविरुद्ध लग्न करून जाते. बाप दार लावून घेतो. आई रोज संध्याकाळी दिवा लावते आणि मागच्या दाराची कडी हळूच काढून ठेवते. मुलगी त्याच शहरात असते, पण येत नाही. यावर त्यांनी चारशे भाग काढले होते. मी तीन बघितले आणि माझा निकाल दिला.

अक्काची मुलगीही अकरा वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न करून हैदराबादला गेली होती. अक्काच्या नवऱ्यानं, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, तिचं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं. चार वर्षांपूर्वी अप्पा गेले, पण नियम राहिला. मुलगी अप्पांच्या मातीलाही आली नाही, कारण तिला कळवलंच नव्हतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ते इथंच कबूल करून टाकतो.

मागच्या उन्हाळ्यात अक्काच्या पोटात दुखायला लागलं. बीदरला दाखवलं, मग हैदराबादला नेलं. आठ दिवस ती मुलीच्याच शहरात दवाखान्यात होती आणि कोणी कोणाला कळवलं नाही. परत आणल्यावर तिच्या मुलानं दारातच सांगितलं, "डॉक्टर म्हनले, आता काय आवडतंय ते खाऊ घाला." या वाक्याचा अर्थ विचारायला आमच्याकडे कोणाला शाळेत जावं लागत नाही. आईनं त्या दिवशी शेंगाच्या पोळ्या केल्या. अक्कानं त्यातला चतकोर खाल्ला, आणि साडेसहाला भिंतीला धरत धरत आमच्याकडे आली.

दिवाळीच्या आधी मी घरातला टीव्हीचा जुना सेट-टॉप डबा बदलून नवा आणला. नव्यात आपल्याला हवी ती चॅनेलं निवडून घ्यायची असतात. मी सोफ्यावर बसलो, चष्मा लावला आणि घराची साफसफाई केल्यासारखी चॅनेलं काढून टाकली. आईच्या मराठी मालिकेचं चॅनेलही काढलं. एकच रडगाणं दोन भाषांत कशाला? अक्कासाठी म्हणून कन्नड ठेवलं, म्हणजे आपण मोठं मन दाखवलं असंही मला वाटलं. आईला सांगितलं तर ती भांडेल अशी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "बरं झालं. काढ." मला आश्चर्य वाटलं, पण जिंकलेला माणूस जास्त विचारत नाही.

त्यानंतर अक्का विचारायची, "पुढं काय हुतंय?" आणि आई म्हणायची, "काय की बाई. ह्यानं मराठी बंद केलंय. आता मला बी तुझ्याइतकंच ठाऊक." अक्का माझ्याकडे बघायची.  ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. आधी पाटावर बसायची, मग खुर्चीवर, मग तिच्यासाठी आम्ही कॉट पुढे ओढली. एकदा भाग संपल्यावर ती मला म्हणाली, "तम्मा, ती पोरगी येती का रे घरी? तेवढं कळलं तर बरं. मला आता आठ महिने कुठले?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. चोपन्नाव्या वर्षी मला असं म्हणणारी ती एकटीच उरली होती.

मला फार वाईट वाटलं. मी केलेलं मीच निस्तरावं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात मोबाईलवर ती मराठी मालिका शोधून काढली. तेव्हा कळलं की ती पावसाळ्यातच बंद पडली होती. कोणी बघेना म्हणून घाईघाईनं गुंडाळलेली. डबा खात मी शेवटचे चार भाग बघितले. मुलगी परदेशी जाते. आई विमानतळावर पोचते तोवर विमान गेलेलं असतं. शेवटी आई घरी येते, दिवा लावते, कडी काढते, आणि संपलं. मला तो शेवट आवडला, हे सांगायला आता लाज वाटते. इतक्या भागांत पहिल्यांदाच यांनी काही खोटं दाखवलं नाही, असं मला वाटलं.

संध्याकाळी भाग संपल्यावर मी अक्काच्या कॉटजवळ बसून सगळं सांगितलं. नीट, क्रमानं, गोष्टीतलं कळणाऱ्या माणसासारखं. मुलगी येत नाही, अक्का. मालिका तिथंच संपली.

आई स्वयंपाकघराच्या दारात तवा हातात धरून उभी होती. तिचा चेहरा बघून मी थांबलो, पण तोवर सांगायचं काही उरलं नव्हतं.

अक्का थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिली. टीव्ही बंद होता. मग म्हणाली, "तुमच्या मराठीत तसंच असतंय. आमच्या कन्नडात येती बग ती." आणि भिंतीला धरून घरी गेली.

"तुला कुणी सांगितलं होतं रं शहाणपणा करायला?" आई म्हणाली. ती माझ्यावर अशी चिडलेली मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. "मला ठाऊक न्हवतं व्हय? पावसाळ्यातच बघितलं मी. म्हनून तर तू बंद केलास तवा गप बसले. झाकली मूठ होती ती. तू जाऊन उघडलास."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी त्या रात्री जेवलो नाही, आणि कोणी मला जेव म्हणालंही नाही.

मग मला वाटलं, मालिकेतली नाही तर नाही, खरी तर आणता येईल. अक्काची मुलगी आमच्याच कॉलेजात शिकलेली. ती माझ्याकडून पुस्तकं न्यायची आणि वेळेवर परत करायची, म्हणून लक्षात होती. तिच्या एका मैत्रिणीकडून नंबर मिळवला. आधी अक्काला विचारावं म्हणून आईला मध्ये घातलं. आईनं तिच्या कन्नडात काय विचारलं ते मला कळलं नाही, पण अक्काचं उत्तर मराठीत आलं, बहुतेक मला ऐकू यावं म्हणून. "मी कामून बोलवू? दार काय मी लावलं होतं?"

मी तरीही फोन केला. मुलीनं आवाज ओळखला. मी अव्वाच्या, म्हणजे तिच्या आईच्या, आजाराचं सांगितलं, आठ दिवस हैदराबादेत होती तेही सांगितलं.  मग तिनं विचारलं, "अण्णा, अव्वानं बोलवायला सांगितलंय का?"

इथं एक शब्द पुरला असता. "व्हय" म्हणायचं होतं. आईनं म्हटलं असतं, गल्लीतल्या कुठल्याही बाईनं म्हटलं असतं. मी म्हणालो, "नाही. मीच करायलोय फोन."

"मग मी कुठल्या तोंडानं येऊ, अण्णा?" ती म्हणाली. "दार काय मी लावलं होतं?"

दोघींचं वाक्य एकच होतं, आणि ज्यानं दार लावलं तो माणूस चार वर्षांपूर्वी मातीत गेला होता.  फोन ठेवून मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला लागलो.

अक्का त्यानंतर एकोणीस दिवस आली. शेवटचे चार दिवस तिचा मुलगा तिला उचलून आणायचा आणि भाग संपला की उचलून न्यायचा. ती आता पुढचं विचारत नव्हती. मी कामावरून लवकर येऊन तिथंच बसायचो. मला पटापट बोललेली कन्नड कळत नाही, पण ती मुलगी आली की नाही एवढं कळायला भाषा लागत नाही. रोज मी मनात म्हणायचो, आज येऊ दे. जिन्यावरून पडत येऊ दे, स्मृती जाऊन येऊ दे, कशीही येऊ दे. ती आली नाही. विसाव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं.

या वेळी अक्काच्या मुलानं बहिणीला कळवलं. पण ती पोचेपर्यंत माती झाली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्याकडे आली. केस पांढरे व्हायला लागले होते. आईनं तिला जवळ घेतलं, पाणी दिलं, चहा दिला. ती चहाला हात न लावता माझ्याकडे वळली.

"अण्णा, खरं सांगा. त्या दिवशी अव्वानं खरंच बोलावलं न्हवतं?"

 बोलावलं होतं म्हणावं तर आई बोलावत असताना ही आली नाही, हे तिला जन्मभर पुरेल. नाही म्हणावं तर तेही पुरेल. खरं सांगायची माझी सवय एवढी जुनी, पण त्या दिवशी मला खरंही बोलता येईना आणि खोटंही.

"बोलावली न्हाई," आई म्हणाली. "पण रोज साडेसहाला तुझीच वाट बघत बसायची ती. ह्या इथं, ह्या कॉटवर."

मुलीला कळलं नाही. तेव्हा साडेसहा होत आलेच होते. आईनं उठून टीव्ही लावला. मालिकेचं गाणं झालं, दिवा लागला, त्या बाईनं इकडेतिकडे बघून मागच्या दाराची कडी काढली. अक्काची मुलगी हळूहळू कॉटवर बसली, तिची आई बसायची त्याच कडेला.

"अव्वा हे बघायची?"

"व्हय," आई म्हणाली. "एक दिवस चुकवली न्हाई."

ती बघत राहिली. जाहिरात लागली तेव्हा डोळे न पुसता तिनं मला विचारलं, "चांगली हाय का अण्णा ही? तुम्हाला कळतंय."

सगळ्या नात्यागोत्याला मी सांगत आलो होतो.  जाहिरात संपली, ती पुन्हा टीव्हीकडे वळली आणि भाग संपेपर्यंत तिनं दाराच्या कडीवरून नजर काढली नाही. त्या दिवशीही मालिकेतली मुलगी आली नाही.