मामाने घेतलेलं टोपडं

नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, मुडद्यांचे पंचनामे केले. पण त्या पोराच्या प्रकरणाचा घेतला तेवढा धसका मी कशाचाच घेतला नाही.

तेव्हा मी जुन्नरच्या ठाण्यावर फौजदार होतो. निरगुडसरचा एक शेतकरी आणि त्याची बायको यांची पंचांसमोर काडीमोड झाली होती. बाई आळ्याला भावाकडे येऊन राहिली. प्रश्न उरला पोराचा. दोन सरून तिसरं लागलेलं. तो वाद पुण्याच्या कोर्टापर्यंत गेला आणि निकाल झाला: मूल आईपाशी राहील, बाप खर्चाला देईल, आणि बाजाराच्या दिवशी पोलिसांसमक्ष मुलाला भेटेल. पोलिसांसमक्ष म्हणजे आमच्या ठाण्याच्या पडवीत! मी चरफडलो. चोर धरायचे सोडून आता पोरं खेळवायची का? पण हुकूम तो हुकूम.

बाजाराच्या दिवशी बाई एका खांबाला टेकून बसे, बाप दुसऱ्या खांबाला. पोर मध्ये दुडुदुडु फिरे. पहिले काही बाजार दोघं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते. पुढे पुढे बाप जिलबी आणू लागला आणि बाई पोराचं तोंड पुसून त्याच्याकडे पाठवू लागली. मला वाटलं, चला, कोर्टाने केलं ते काही अगदीच वेड्यासारखं नाही.

आणि एके दिवशी बाई भावाबरोबर धापा टाकत ठाण्यात आली. पोर नाहीसं झालं होतं.

"अंगनात खेळत व्हतं, सायेब," ती म्हणाली. "पान्याला गेले न् आले, तर न्हाई."

"त्यानंच नेलं," भाऊ म्हणाला. "दुसरं कोन नेनार?"

मलाही तेच वाटलं. फिर्याद नोंदवली, दोन शिपाई निरगुडसरला पिटाळले. घर, गोठा, गंजी, सगळी झडती झाली. काही नाही. बापाला धरून आणला. माझा हवालदार जुना माणूस, त्याचे हात शिवशिवत होते. "दोन ठेवून देतो साहेब, पोपटावानी बोलंल." मी त्याला बाहेर उभा केला आणि बापाला विचारलं, "पोर कुठंय?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "म्हंजी? तिच्यापाशी न्हाई? सायेब, हिरी बघितल्या का?"

खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःची सुटका बघतो. ह्याने विहिरीचं नाव घेतलं. फिर्यादीनंतर जागा बघायला आळ्यात गेलो तेव्हा बाईनेही मला नेमकं तेच विचारलं होतं.

पंच बोलावले, गळ टाकले. आळ्याच्या विहिरी एकेक करून धुंडाळायला लागलो. बाई शेवटच्या विहिरीच्या कडेला बसली ती उठेना. पाण्यात काही डुबकलं की तिचा सगळा देह हाले. मी स्वतः वाकून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, काही वर येऊ देऊ नको. गळाला एकदा चिंधी लागली तेव्हा सगळं गाव कडेला दाटलं. फाटकं पोतं निघालं. दुपारी भावाने बहिणीला भाकर आणून दिली, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. बायका डोळे पुसायला लागल्या.

बाजाराच्या दिवशी पेठेतला कापडवाला ठाण्यावर आला. मारवाडातून पिढ्यांपूर्वी आलेलं जैन घर, बोलणं आपल्यासारखंच. सहज गप्पांत हळहळला. "फौजदारसाहेब, त्या मामाचा जीव बघा हो! भाचा हरवलाय, तरी काल माझ्याकडून त्याच्यासाठी अंगडं-टोपडं घेऊन गेला. आशा सुटत नाही माणसाची."

तो गेला आणि मी जागीच बसून राहिलो. हरवलेल्या पोराला कोणी नवं कापड घेत नाही. घरातल्या बायका घेऊ देणार नाहीत, अशुभ मानतात. मामाने अंगडं-टोपडं घ्यायचं ते भाच्याच्या जावळाला. पहिले केस काढताना मूल मामाच्या मांडीवर लागतं आणि नवे कपडेही मामाचेच लागतात. ह्या पोराचं जावळ राहिलंच होतं. निरगुडसरला काढायचं की आळ्याला, ह्या भांडणात अडलं होतं.

मी हवालदाराला हे सांगितलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, नवं कापड मातीलाबी लागतं."

अहो, काय सांगू! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मामाला धरला असता तर तो कानावर हात ठेवून मोकळा झाला असता. म्हणून त्याला मोकळा सोडला आणि मागे साध्या कपड्यातला शिपाई लावला. दुसऱ्या दिवशी मामा गाठोडं घेऊन घोडेगावच्या बाजूला निघाल्याची खबर आली. ओळख पटवायला आई हवी, बापही हवा. दोघांना एकाच टांग्यात घातलं. काडीमोड झालेली माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. मी कशाला चाललोय ते त्यांना सांगितलं नव्हतं. काय सांगणार? जावळ की माती, हे मलाच कुठे ठाऊक होतं!

घोडेगावजवळच्या शिनोलीला शिपाई वाटेत उभा होता. त्याने एका घराकडे बोट केलं, आणि तेवढ्यात आतून पोराची किंकाळी आली.

मी दार लोटलं. पाटावर मामा, मांडीवर पोर आवळून धरलेलं, समोर न्हावी वस्तरा घेऊन. अर्धं डोकं तुळतुळीत, अर्ध्यावर केस. पोर जिवाच्या आकांताने ओरडत होतं. जिवंत होतं! मी दाराची चौकट धरली.

घर मामाच्या सासरच्या नात्यातलं. त्या नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. आईने राजीखुशीने पोर दिलंय असं मामाने त्यांना सांगितलं होतं.

"सायेब, तिचा पाट लावायचा व्हता," मामा हात जोडून म्हणाला. "स्थळ चांगलं व्हतं. पोरासकट कोन करनार तिला? पोराचंबी लई भलं झालं असतं हितं."

बाई त्याच्याकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "मी हिरीवर बसले व्हते, तवा तू मला भाकर दिलीस. समोर बसून खाऊ घातलीस."

मामाने मान खाली घातली.

त्याला शिक्षा झाली. बाईचं माहेर तुटलं, सासर आधीच तुटलं होतं. मॅजिस्ट्रेटने शहाणपण केलं. बापाने जुन्नरात तिला वेगळी खोली घेऊन द्यावी असा हुकूम काढला. बापाने ती लगेच घेऊन दिली. पडवीतल्या भेटी पुन्हा सुरू झाल्या.

पण पोराचं जावळ तसंच, अर्धं राहिलेलं. एका बाजाराच्या दिवशी बाई म्हणाली, "सायेब, आता ह्येला मामा न्हाई. तुमी बसता का?"

पडवीत पाट मांडला. मी गणवेशातच बसलो. आईने पोराचे हात धरले, बापाने पाय. न्हाव्याने वस्तरा काढला मात्र, पोर माझ्या मांडीवर लाकडासारखं ताठ झालं. रडलं नाही. मांडीला ऊब लागली, खाली बघतो तर माझी विजार भिजलेली. त्याचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं आणि केस पूर्ण निघाले तरी ती धडधड कमी झाली नाही.

त्याआधी मला वाटायचं, पोर सापडलं, आरोपी आत गेला, प्रकरण मिटलं. आई-बाप वेगळे होतात तेव्हा मूल कोणाकडे राहील हे कोर्ट ठरवू शकतं, आणि ठरवावंच. नाहीतर ज्याच्या हाती बळ तो पोर पळवतो. पण जवळच्या माणसाच्या मांडीवर बसून भ्यालेलं पोर निर्भय कसं करायचं, ह्याचा हुकूम मी आजवर पाहिला नाही. तो पोरगा आता बाप्या माणूस झालाय. परवा पेठेत दिसला, मी प्रेमाने मागून खांद्यावर हात ठेवला. तो दचकून भिंतीला जाऊन टेकला. मला ओळखल्यावर हसला, वाकून नमस्कार केला. पण पाठ काही भिंतीपासून सोडवली नाही.